एक पडला की गाऱ्हाणं

रोही,

तुला मी शेवटचा शब्द म्हटला तो "मेल्या". पंधरा वर्षं हेच म्हणत आले. फासे शोधत बसलास की मेल्या, बस चुकवलीस की मेल्या, तुझ्या वाढदिवसाला फोन केला तरी पहिला शब्द तोच. आता तो तोंडातून निघू बघतो आणि जीभ अडते. तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना रोज मोजते, कुणी मोजायला सांगितलेलं नसताना.

बाराव्याला तुझ्या पेडण्याच्या घरी आले होते. पंगत उठल्यावर नमिता वैनीने मला आतल्या खोलीत नेलं, कपाटातून ती बिस्किटांची पत्र्याची पेटी काढली आणि माझ्या हातात दिली. "ही तुज्याचकडे रवांदे गो," ती म्हणाली, "माका ह्यातला काय एक कळना नाय." पेटीत तुझे फासे, चावलेल्या पेन्सिली आणि ते लांबडं रजिस्टर. मी ती आमोण्याला घरी आणली आणि चार दिवस कपाटावर ठेवून दिली. उघडायची छाती होत नव्हती. लागोपाठ पाच रविवार मी तुझ्या मेजावर खेळायला आले नव्हते, आणि सहाव्या रविवारी तू इस्पितळात होतास. तू माझ्यावर रागावून गेलास का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. आणि ते सांगू शकेल असा माणूस एकच होता.

परक्या कुणी हे वाचलं तर त्याला वाटेल आपण जुगार खेळत होतो. तुझ्या सासऱ्यांनाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं, आठवतं? सोप्यावर आले की ते आधी मेजाखाली बघायचे. त्यांना तू समजावलंस ते मला अजून पाठ आहे. "मामा, आमी गोष्ट सांगतो. मी सांगतंय, ही तिघां त्या गोष्टीतली माणसां होतत. बोलून ठराना नाय ता फासो ठरयता." मामा म्हणाले, "म्हंजे दशावतारच. फक्त बसून." तू त्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलास.

आपली ओळख पणजीला, सरकारी नोकरीच्या परीक्षेत. तू पुढच्या बाकावर. पेपर वाटायला उशीर झाला तर हा प्राणी हॉल तिकिटाच्या पाठीवर डोंगर, नदी, किल्ला असा नकाशा काढत बसलेला. मी मागून म्हटलं, "नदी उलटी वाहतेय तुमची." तू वळून नकाशा नीट बघितलास, म्हणालास, "बरोबर," आणि नदी खोडलीस. तू पास झालास, मी नापास. तू कारकून झालास, मी गणिताची बाई. तुझ्याकडून चूक कबूल करून घेणं इतकं सोपं पुन्हा कधीच गेलं नाही.

या खेळाच्या नियमांचं पुस्तक आणलं तुझ्या मावसभावाने. तो मुरगावला बंदरात कामाला. कुणा जहाजावरच्या खलाशाने आठवडाभरासाठी दिलेलं, जहाज सुटायच्या आत परत करायचं होतं. म्हणून पेडण्याच्या बाजारात केतनच्या दुकानात अख्ख्या पुस्तकाचं झेरॉक्स झालं. केतन एका हाताने गिऱ्हाइकांना वह्या देत होता आणि दुसऱ्याने पानं उलटत होता, आणि एका जागी त्याने दोन पानं एकदम उलटली. नेमकी तीच पानं, ज्यांच्यावर खेळातला माणूस बनवायचा कसा ते लिहिलं होतं. प्रत्येकाला सहा गुण असतात हे पुढच्या पानांवरून कळत होतं, गुणाला तीनपासून अठरापर्यंत आकडा असतो हेही कळत होतं. पण तो आकडा यायचा कुठून, ते काही केल्या सापडेना. पुस्तक परत गेलं होतं, जहाजही गेलं होतं. केतनला आपण महिनाभर फाडून खाल्लं.

सहा गुणांची नावं तूच ठेवलीस. ताकद, चपळाई, तब्येत, अक्कल, शहाणपण आणि छाप. आणि आकड्यांचं तू म्हणालास, "सोप्पां आसा. चार फासे टाकायचे, धाकटो काडून टाकायचो, तिघांची बेरीज." मी विचारलं, आणि एक पडला तर? तू म्हणालास, "एक पडलो की गाऱ्हाणां."

मला हसू आवरेना. पण तू खरंच उठून उभा राहिलास. देवळात गावच्या वतीने घाडी देवापुढे मागणं मागतो तसे हात जोडलेस, डोळे मिटलेस आणि सुरू केलंस. "बा देवा म्हाराजा! आज ह्या मेजार ह्या गरीब चेडवाक एक पडलो असा. तिचा काय चुकला माकला असात तर पोटात घाल, आणि तिका आणि एक डाव दी रे म्हाराजा!" केतन आणि मी नकळत ओरडलो, "होय म्हाराजा!" फासा परत टाकला, पाच पडला. त्या दिवसापासून तो कायदा झाला. मेजावरच्या सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं की एक पुसला जायचा.

सहा वर्षं आपण समजत होतो की जगभर असंच खेळतात. संभाला तर खरंच वाटायचं की अमेरिकेतली माणसं एक पडला की उभी राहून इंग्रजीतून गाऱ्हाणं घालत असणार. संभा आपल्यात आला तो पंपामुळे. कोल्हापूरकडचा गडी, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. आमच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायला आला, फळीवरचे फासे बघून "हे काय ओ ताई?" म्हणाला, आणि पुढच्या रविवारी माझ्या स्कूटरच्या मागे बसून पेडण्याला हजर. तेव्हापासून दर रविवारी तो योद्धा होऊन वीस-वीस राक्षस कापतो आणि परत येताना अस्नोड्याच्या वळणावर माझ्या खांद्याला घट्ट धरतो.

तेव्हा आपला संसार असा होता. संभा योद्धा, केतन जादूगार, मी चोर. माझी मैना. कुलपं उघडणारी, भिंती चढणारी, अंधारात पाय न वाजवता चालणारी. शाळेत दिवसभर "आवाज नको" म्हणून ओरडणारी बाई रविवारी स्वतः आवाज न करता फिरायची, त्यात मला केवढं सुख होतं ते तुलाच ठाऊक. तू मैनेला बोलताना गोष्टीतसुद्धा "गो" म्हणायचास.

मग केतनला इंटरनेटवर ती दोन पानं सापडली आणि आपलं भांडण जन्माला आलं. खऱ्या नियमात गाऱ्हाणं नव्हतं, धाकटा काढणं नव्हतं. तीन फासे, ओळीने सहा वेळा, पडेल ते तुझं. मी त्याच आठवड्यात दोन्ही नियमांचं गणित मांडलं. खऱ्या नियमाने माणसाला सरासरी साडेदहा मिळतात. आपल्या नियमाने तेराच्या पुढे. तुला वाटलं, बरंच झालं की! सगळेच वर गेले, सगळ्यांचं भलं झालं, आणि सुलू उगाच कपाळाला आठ्या घालते.

रोही, आता तू मध्ये बोलू शकत नाहीस, तर एकदा पूर्ण ऐक. जादूगाराला पोटापुरता एकच आकडा लागतो, अक्कल. केतनला चौदा ताकद मिळून तो काय करणार, नारळ फोडणार? योद्ध्याला मात्र ताकद हवी, तब्येत हवी, चपळाई असेल तर सोन्याहून पिवळं. म्हणजे आकडे कंजूष पडले की योद्ध्याचे हाल आणि जादूगार मजेत. आकडे सढळ पडले की योद्ध्याची चैन, कारण त्याच्याकडे भरायच्या जागाच जास्त. नियम सगळ्यांना एकच, पण तो प्रत्येकाच्या घरात वेगळा शिरतो. आणि चोर? चोराचं पोट एका चपळाईवर. दुसऱ्या कुणाची चपळाई सतराला गेली की चोराने काय करायचं, ते तुझ्या कायद्यात कुठेही नव्हतं.

नऊ वर्षं मी हे सांगत आले. बसस्टँडवर सांगितलं, केतनच्या लग्नात सांगितलं, उंडे आणि पातळभाजी खाताना तोंड भरलेलं असताना सांगितलं. तुझं उत्तर ठरलेलं. "माज्या मेजार कोण दुबळो बसाचो नाय, सुलू." नऊ वर्षं हे एकच वाक्य! मी गणित घालायचे आणि तू वाक्य घालायचास. चिडचिड व्हायची माझी. पण पुढच्या रविवारी परत यायचे, कारण तुझ्यासारखी गोष्ट दुसरं कुणी सांगत नव्हतं आणि नमिता वैनीसारखी मिरचीची भजी कुणी तळत नव्हतं. कोणतं जास्त खरं कारण ते आता सांगत नाही.

आणि मग तो किल्ला. तीन रविवार तू आम्हाला त्या किल्ल्याकडे चालवत होतास. उंच भिंत, वर खिडकी, आत कुलूपबंद पेटी. तीन रविवार मी वाट बघत होते, कारण असली भिंत म्हणजे मैनेसाठी पान वाढून ठेवलेलं. रात्र रात्र नाही, पण शाळेत पेपर तपासताना मी तिची चढण मनात रचली होती. आणि आपण भिंतीपाशी पोचलो तेव्हा संभा, देवमाणूस, काही वाईट मनात नसताना म्हणाला, "ताई, मी चढतो की. सतरा हाय चपळाई." चढला. खिडकी उघडली. कुलूपही त्यानेच उघडलं, पेटीची चावीसुद्धा त्यानेच चोरली. दीड तास मैना खाली घोडे धरून उभी होती.

मी पेन्सिल ठेवली. म्हटलं, "रोही, मी इथे काय करते?" तू म्हणालास, "गो, जिंकलो मगे आपण." मी म्हटलं, "आपण नाही, तो जिंकला. कुणीच दुबळा नको तर सोबत तरी कशाला हवी? एकेकाने आपापल्या घरी बसून खेळावं. कुणाला तरी काहीतरी येत नाही, म्हणूनच दुसऱ्याला हाक मारतात ना?"

तू नेहमीचं वाक्य म्हणाला नाहीस. सोप्याच्या खांबाला धरून उभा होतास, तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, नाटक करतोय. मी पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, "तुझ्या खेळात माझं कामच उरलेलं नाही, तर मी यायचं कशाला?" आणि शेवटी तो शब्द. परत येताना अस्नोड्याच्या वळणावर संभाने माझा खांदा धरला. मग म्हणाला, "ताई, मी चढाय नको हुतं का?" मी स्कूटरचा वेग वाढवला.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला तुझा नेहमीचा निरोप मोबाईलवर आला. "मेज मांडलंय." मी वाचला आणि फोन उलटा ठेवला. दुसऱ्या रविवारी आला, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. तेवढेच दोन शब्द, वर काही नाही, खाली काही नाही. मला वाटायचं, याने एकदा तरी लिहावं की सुलू, ये. एकदा विचारावं, का येत नाहीस. मीपण लिहू शकले असते. पण मी रुसलेली होते, आणि रुसलेल्या माणसाने आधी लिहायचं नसतं, असा माझा घरचा नियम. सहाव्या रविवारी निरोप आला नाही. तुला खरं सांगते, मला त्या दिवशी जिंकल्यासारखं वाटलं. आईला म्हटलं, "दमला वाटतं." बुधवारी केतनचा फोन आला.

सगळं मला नमिता वैनीने बाराव्याला सांगितलं, त्याच खोलीत, पेटी माझ्या मांडीवर असताना. नऊ वर्षांचा असताना तुला ताप आला होता, तो काळजावर गेला होता. दोन वर्षांपासून ते काळीज अर्धंमुर्धंच चालत होतं. तुझं तिला बजावणं होतं की यातलं सुलूला सांगायचं नाही. "का?" मी विचारलं. वैनी रडता रडता हसली. "म्हणायचो, सुलूक सांगलां तर ती गणित घालूक बसतली. किती उरले ता."

घातलंच असतं रे. घातलं असतं, आणि मग घरी जाऊन रडले असते, आणि रविवारी येताना तुझ्यासाठी काहीतरी पथ्याचं घेऊन आले असते आणि तू तोंड वाकडं केलं असतंस. हे सगळं माझ्या हक्काचं होतं. ते तू मला दिलं नाहीस याचा मला राग आहे, आणि तो एकोणीस दिवसांत जराही कमी झालेला नाही.

आणि स्वतःचा राग वेगळाच. तू मेज माडीवरून खाली सोप्यावर आणलंस तेव्हा म्हणालास, वर वारा नसतो. मी विश्वास ठेवला. पणजीच्या बसस्टँडवर चालता चालता थांबायचास, म्हणायचास गुडघा. मी विश्वास ठेवला. आणि गेल्या वर्षापासून तू गाऱ्हाणं बसूनच घालायला लागलास तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "देवापुढे बसून? पाय मोडले का?" तू हसलास आणि त्या दिवशी उभा राहून घातलंस. दुसऱ्यांची बेरीज चुकली की मला लांबून दिसते. ही दिसली नाही.

एकदा तू मला सांगितलं होतंस, बसमध्ये, खिडकीबाहेर बघत. शाळेत कबड्डी सुरू झाली की मास्तर तुला चपला राखायला बसवायचे. संघ पाडताना तुझं नाव कुणी घ्यायचंच नाही. "चपला राखण्यात माजो हात कोण धरूक शकना नाय," असं म्हणून तू हसवलंस, म्हणून मी हसले. तुझं ते मेजावरचं एकच वाक्य कुठून आलं होतं, ते मला त्या बसमध्ये कळायला हवं होतं. तू पंधरा वर्षं एवढंच करत होतास. तुझ्या मेजावर येणाऱ्या कुणालाच चपला राखायला लागू नयेत. आणि त्याच मेजावर मी दीड तास घोडे धरून उभी राहिले. आपण दोघं एकाच गोष्टीवरून भांडत होतो, आणि दोघांनाही ते कळलं नाही.

पेटी पाचव्या दिवशी उघडली. रजिस्टर उघडलं. पंधरा वर्षांची सगळी माणसं त्यात आहेत, केतनचे चार मेलेले जादूगार, संभाचा योद्धा, मैना. प्रत्येक गाऱ्हाण्याची तू नोंद ठेवलीस, हे मला माहीत नव्हतं. मैनेसाठी तू अकरा वेळा देवाला साकडं घातलंस. मी प्रत्येक वेळी "होय म्हाराजा" म्हटलं होतं, तेव्हा कुठे गेला होता माझा खरा नियम, असं तू एकदाही विचारलं नाहीस.

शेवटच्या पानावर एक नवा माणूस होता. पंधरा वर्षांत तुझं स्वतःचं पात्र कधी नव्हतं, गोष्ट सांगणाऱ्याचं नसतं. तर या पानावर तुझ्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं, "बाबल घाडी. खेळणार रोहिदास." खाली दोनदा अधोरेखित, "तीन फासे, ओळीने. गाऱ्हाणं नाही." ताकद सात. चपळाई आठ. तब्येत चार. अक्कल तेरा, शहाणपण बारा, छाप पंधरा. तब्येतीच्या बाजूला बारीक अक्षरात, "एक, एक आणि दोन. परत टाकायचा मोह झाला. टाकला नाही."

आणि त्याच्या खाली तू लिहिलं होतंस. "सुलूचं बरोबर. बाबलला भिंत चढता यायची नाही, मैना लागेल. आता गोष्ट सुलूने सांगावी, मी खेळतो. मैनेला मात्र गोष्टीत ठेवायला सांगायचं. रविवारी विचारतो."

रविवारी विचारतो. पाच रविवार मेज मांडून ठेवलंस, रोही. निरोपात लिहिलं असतंस तर धावत आले असते, हे तुलाही माहीत होतं. पण असल्या गोष्टी तुला मेजावर, समोरासमोर विचारायच्या असायच्या, भज्यांची बशी पुढे सरकवत. तो तुझा घरचा नियम. दोघांचे नियम एकमेकांसमोर बसून राहिले.

तरी एवढ्यावरून मी सगळं कबूल केलं असं समजू नकोस. बाबलचं पान हातात धरून मी परत गणित घातलं. तब्येत चारवाला माणूस आपल्या गोष्टीत तीन रविवारही टिकायचा नाही. मला नऊ वर्षं बरोबर वाटत आलेला नियम तुझ्यावर लावला की कसा दिसतो, ते मला त्या पानावर पहिल्यांदा दिसलं. मी रजिस्टर मिटलं आणि नमिता वैनीला फोन केला. म्हटलं, "वैनी, एक डाव तुझ्या सोप्यावर बसलो तर चालेल?"  ती म्हणाली, "विचारतंस कित्या?"

रविवारी सकाळी दहा वाजता तुझ्या नंबरावरून निरोप आला. "मेज मांडलंय." पाठवणारी कोण ते कळत होतं, तरी दोनदा वाचला. यावेळी मी लिहिलं, "येतेय." लिहायला किती कमी वेळ लागतो!

तर काल आम्ही बसलो. तुझी ती खुर्ची, तुझं कदेल, तुझ्या जागी, त्यावर बाबलचं पान. गोष्ट मी सांगितली, आणि वाईट सांगितली. केतन दोनदा जांभई देताना पकडला गेला. संभा भला माणूस, उगाच "बाबो!" म्हणत राहिला. चौघं नदी पार करत होते. योद्धा, जादूगार, मैना आणि मध्ये बाबल घाडी. मी मुद्दाम त्याला मध्ये ठेवला होता. तरी मधल्या धारेत संभाचा दोर सुटला आणि बाबल पाण्यात गेला. पाण्यात गेलेल्याचा एक फासा, एक पडला तर गेला, हे पुस्तकातलं, दोन्ही नियमांत सारखंच. फरक फक्त पुढचा. माझ्या नियमात पडला तो पडला.

बाबलचा फासा टाकायचा कुणी? कुणीच हात पुढे करेना. नमिता वैनी दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. संभा म्हणाला, "वैनी, तुमी टाका." ती नको नको म्हणाली, मग पदराला हात पुसून मेजाशी आली, फासा उचलला, बघितलासुद्धा नाही, सोडला. तो तुझ्या कदेलापर्यंत गडगडत गेला.

एक.

वैनीला काही कळलं नाही. तिने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि मग तिला कळलं. केतनने मान खाली घातली. संभा माझ्याकडे बघत होता. नऊ वर्षं मी जे सांगत आले ते आता फक्त एका शब्दात सांगायचं होतं, गेला. तूही पानावर तेच लिहिलं होतंस, दोनदा अधोरेखित करून.

मी उठले. रोही, मी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही, ते नेहमी तुझं काम. हात जोडले, डोळे मिटले. आवाज वर्गातल्यासारखा काढायला गेले तो मधेच फुटला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या मेजार बाबल घाड्याक एक पडलो असा. तेणे आमका कोणाक कदी चपल्यो राखूक बसवूक नाय. तेचा काय चुकला असात, आणि माजा काय चुकला असात, ता पोटात घाल. तेका आणि एक डाव दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" केतन ओरडला, संभा ओरडला, आणि सगळ्यांच्या वर, पिठाचे हात जोडून, नमिता वैनी.

वैनीनेच फासा परत टाकला. चार पडला. मैना पाण्यात उतरली, बाबलला पाठीवर घेतलं आणि पलीकडच्या काठाला लावलं. ताकद सातचा माणूस, वजन ते किती असणार. संभाने नाक ओढलं आणि म्हणाला, "ताई, मैनेला काम मिळालं की ओ."

मिळालं. तू ते पानावर लिहून पाच रविवार मेज मांडून ठेवलं होतंस, आणि मी तेवढी आले नाही.